मानवी अंतराळमोहिमा : खर्च किती, लाभ कोणाचा?

शहापूर-मुरबाडच्या पाण्याच्या संदर्भात एका जुन्या वादाचा आढावा

विशेष प्रतिनिधी

भारतीय अंतराळवीराला भारतीय यानातून अवकाशात पाठविण्याच्या ‘गगनयान’ कार्यक्रमाची मंजूर रक्कम २०२४मध्ये २० हजार १९३ कोटी रुपयांवर गेली. दुसरीकडे, मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत वसलेल्या शहापूरच्या आणि शेजारच्या मुरबाडच्या अनेक पाड्यांवर उन्हाळा सुरू होताच टँकरची वाट पाहिली जाते. काही पाड्यांना आजही पक्का रस्ता नाही. पावसाळ्यात रुग्णाला किंवा गरोदर महिलेला झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या या दोन्ही तालुक्यांतून वारंवार आल्या आहेत. त्यामुळे ‘आधी पाणी की आधी अंतराळ’ हा प्रश्न येथे व्याख्यानमालेपुरता राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा दोन टोकांना दिले जाते. एका बाजूला ‘गरीब देशाला ही चैन परवडत नाही’ असे सांगितले जाते, तर दुसऱ्या बाजूला ‘उपग्रह नसते तर हवामानाचा अंदाज कोठून आला असता’ असा प्रतिप्रश्न केला जातो. या दोन्ही उत्तरांत एक गफलत आहे. उपग्रह सोडणे आणि माणूस पाठविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांचा खर्च भिन्न आहे, जोखीम भिन्न आहे आणि लाभही भिन्न आहेत. हा भेद ध्यानात घेतल्याखेरीज वाद पुढे सरकत नाही.

वाद जुनाच

अमेरिकेत हा प्रश्न १५ जुलै १९६९ रोजी थेट प्रक्षेपणतळाच्या दारात येऊन उभा राहिला होता. अपोलो ११च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी काही गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केप केनेडी येथे दाखल झाले. भुकेल्यांच्या देशाने चंद्रावर पैसा उधळावा काय, असा त्यांचा सवाल होता. ‘नासा’चे तत्कालीन प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटावयास बाहेर आले. उड्डाण थांबविल्याने गरिबी हटणार असती तर आपण ते थांबविले असते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

अपोलो कार्यक्रमावर अमेरिकेने सुमारे २५ अब्ज डॉलर खर्च केले. १९६६च्या सुमारास अमेरिकी केंद्र सरकारच्या खर्चातील चार टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या ‘नासा’कडे जात होता. बारा माणसे चंद्रावर चालून आली आणि डिसेंबर १९७२नंतर मोहिमा थांबल्या. त्यांतून वाचलेला पैसा गरिबांच्या वस्त्यांकडे वळला असे मात्र दिसले नाही. एका खात्याचा खर्च कापल्याने दुसऱ्या खात्याची निकड आपोआप भागत नाही, हा या वादाचा पहिला धडा होय.

१९७०मध्ये झांबियात काम करणाऱ्या सिस्टर मेरी जुकुंडा या जोगिणीने ‘नासा’चे शास्त्रज्ञ अर्न्स्ट स्टूलिंगर यांना पत्र लिहून, जगात मुले उपाशी असताना मंगळाच्या मोहिमांचा विचार कसा करवतो, असे विचारले होते. स्टूलिंगर यांनी सविस्तर उत्तरात भिंगे घासणाऱ्या एका कारागिराची आणि त्याला आश्रय देणाऱ्या सरदाराची कथा सांगितली. त्या ‘निरुपयोगी’ छंदातूनच पुढे सूक्ष्मदर्शक आला आणि रोगराईवर मात करता आली, असा त्यांचा युक्तिवाद होता. मूलभूत संशोधनाच्या बाजूने हा युक्तिवाद आजही दिला जातो.

साराभाईंची चौकट

भारताने या वादाचे उत्तर सुरुवातीला वेगळ्या पद्धतीने दिले. डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६२मध्ये अंतराळ संशोधन समिती स्थापन झाली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिले अग्निबाण उडाले. विकसनशील देशाला अंतराळाची काय गरज, हा प्रश्न साराभाई यांना ठाऊक होता. प्रगत देशांशी चंद्र, ग्रह किंवा मानवी उड्डाणांच्या बाबतीत स्पर्धा करण्याचे स्वप्न आपण पाहत नाही. प्रगत तंत्रज्ञान माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांना लावण्यात मात्र आपण कोणाच्या मागे राहता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती.

या भूमिकेला प्रत्यक्षात उतरविणाऱ्यांत मराठी शास्त्रज्ञांचा वाटा मोठा होता. कोल्हापूर येथे १९२५मध्ये जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस हे साराभाई यांचे सुरुवातीपासूनचे सहकारी. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात अमेरिकेकडून वर्षभरासाठी घेतलेल्या ‘एटीएस-६’ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचविण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला, त्याचे ते व्यवस्थापक होते. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि शाळकरी मुलांसाठीचे कार्यक्रम जाळीच्या साध्या ॲंटेनावर उतरवून गावाच्या चावडीवर दाखविले जात. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ही ती राज्ये होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यामुळे शहापूर-मुरबाडच्या वाट्याला तो प्रयोग आला नाही. शंभरी पूर्ण केल्यानंतर ऑक्टोबर २०२५मध्ये चिटणीस यांचे निधन झाले.

पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. अग्निबाणांच्या घन इंधनावर काम करणारे गोवारीकर १९७९ ते १९८५ या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. त्यानंतर केंद्र सरकारचे विज्ञान सचिव म्हणून काम करताना त्यांनी मान्सूनच्या अंदाजाचे सोळा घटकांवर आधारित प्रारूप विकसित करण्यास चालना दिली आणि १९८८पासून हवामान खात्याने ते वापरले. २००२च्या दुष्काळाचा अंदाज चुकल्यानंतर ते बदलण्यात आले. तरीही अग्निबाणाची भट्टी सांभाळलेला माणूस शेतकऱ्याच्या पावसाकडे वळला, हे त्या पिढीच्या दृष्टीचे लक्षण म्हणावे लागेल.

उपग्रहांनी तालुक्याला काय दिले?

शहापूर आणि मुरबाड हे भाताचे तालुके. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापलेले भात शेतात पडलेले असताना परतीचा किंवा अवकाळी पाऊस आला तर वर्षाची मेहनत वाहून जाते. १९८३मध्ये कार्यरत झालेल्या ‘इन्सॅट-१बी’पासून ढगांची छायाचित्रे नियमित मिळू लागली आणि आज कृषी हवामान सल्ल्यांचा पाया त्यांवरच उभा आहे. कापणी दोन दिवस पुढे ढकलावी की नाही, एवढ्या साध्या निर्णयामागे अब्जावधी रुपयांची यंत्रणा उभी असते.

दुसरा लाभ भूजलाचा. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा सारा भाग बसाल्ट खडकाचा. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही कातळात पाणी मुरत नाही. जे मुरते ते भेगांत आणि खडकाच्या झिजलेल्या थरात साठते. १७ मार्च १९८८ रोजी ‘आयआरएस-१ए’ हा दूरसंवेदन उपग्रह सोडल्यानंतर अशा भेगांच्या रेषा आणि भूरूपे वरून वाचणे शक्य झाले. पुढे राजीव गांधी राष्ट्रीय पेयजल अभियानाखाली देशभरातील भूजल संभाव्यतेचे नकाशे तयार करण्यात आले. विंधण विहीर कोठे घ्यावी, याचा निर्णय पाणाड्याच्या नारळावर सोडण्याऐवजी भूवैज्ञानिकाच्या नकाशावर घेता येऊ लागला.

तिसरा विषय अधिक नाजूक आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो, तर मुरबाडमधील काही गावे त्यात आहेत. येथे ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी समाजाची कुटुंबे पिढ्यान्पिढ्या वनजमीन कसत आली आहेत. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असल्याचे सिद्ध करावे लागते. कागद नसलेल्या कुटुंबाला जुने उपग्रह छायाचित्र हा मोठा आधार ठरू शकतो, कारण ते कोणाच्याही सांगण्यावरून बदलत नाही.

मात्र हेच छायाचित्र गरिबाच्या विरोधातही जाऊ शकते. १९९५च्या अखेरीस सोडलेल्या ‘आयआरएस-१सी’वरील एका कॅमेऱ्याची दृष्टी साडेतेवीस मीटरची होती. म्हणजे त्याच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील सुमारे साडेपाच गुंठ्यांचा. डोंगरउतारावरील वीस गुंठ्यांची वरकस जमीन अशा चित्रात जेमतेम चार ठिपके व्यापते, आणि त्यात झाडे उभी असली किंवा जमीन त्या वर्षी पडीक ठेवलेली असली तर ती जंगल म्हणूनच दिसते. म्हणूनच २०१२च्या सुधारित नियमांत, उपग्रह छायाचित्र हा पूरक पुरावा आहे, तो एकमेव पुरावा म्हणून इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, असे स्पष्ट करण्यात आले. यंत्र वरून पाहते. जमिनीवर काय आहे ते ग्रामसभेलाच सांगावे लागते.

येथवरचे सर्व लाभ मानवरहित उपग्रहांचे आहेत. त्यांपैकी एकासाठीही माणसाला अवकाशात जावे लागलेले नाही. १९८४च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून ‘सॅल्यूत ७’ स्थानकावर गेले तेव्हा भारताच्या भूभागाची छायाचित्रे घेणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते. चारच वर्षांनी ते काम भारतीय उपग्रह स्वतः करू लागला.

माणूस पाठविण्याचा हिशेब

१५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून ‘गगनयान’ची घोषणा झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ हजार २३ कोटी रुपये मंजूर केले. तीन अंतराळवीरांना ४०० किलोमीटर उंचीवर तीन दिवस ठेवून सुखरूप परत आणण्याची ही योजना. सप्टेंबर २०२४मध्ये तीत भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाची भर घालण्यात आली आणि एकूण रक्कम २० हजार १९३ कोटी झाली. या रकमेत डिसेंबर २०२८पर्यंतच्या आठ मोहिमा धरल्या आहेत. मानवी उड्डाणाचे मूळ उद्दिष्ट २०२२चे होते. २०२५मध्ये ते २०२७ असे सांगण्यात आले.

इतर मोहिमांशी तुलना केली की माणसाची किंमत लक्षात येते. चांद्रयान-१ला ३८६ कोटी, मंगळयानाला ४५० कोटी आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवालगतच्या प्रदेशात उतरलेल्या चांद्रयान-३ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. याउलट जून-जुलै २०२५मध्ये शुभांशु शुक्ला यांनी अमेरिकी खासगी मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर केलेल्या वास्तव्यासाठी, प्रशिक्षणासह, भारताने सुमारे साडेपाचशे कोटी रुपये मोजले. एका अंतराळवीराच्या फेरीचा खर्च आणि एका चांद्रमोहिमेचा खर्च जवळपास सारखा आहे.

असे का होते? यंत्र गेले तर पैसे जातात. माणसाच्या बाबतीत ती मुभा नाही. म्हणून उड्डाणयानाचा प्रत्येक भाग मानवी वापरास योग्य असल्याचे नव्याने सिद्ध करावे लागते. महत्त्वाच्या प्रणाली दुहेरी-तिहेरी ठेवाव्या लागतात. प्रक्षेपणात बिघाड झाल्यास कुपीला क्षणार्धात दूर खेचून नेणारी सुटका यंत्रणा लागते. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे तिचीच चाचणी झाली. आत प्राणवायू, तापमान, आर्द्रता सांभाळायची, श्वासातील कर्बवायू शोषून घ्यायचा, सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने परतताना उष्णतेपासून रक्षण करायचे, हवाई छत्र्या उघडायच्या आणि समुद्रातून कुपी उचलायची. यंत्राला यातील बहुतेक काहीच लागत नाही. मुळात परत यावेच लागत नाही.

एवढे करूनही धोका उरतो. १९८६मध्ये चॅलेंजर आणि २००३मध्ये कोलंबिया या दोन अपघातांत चौदा अंतराळवीर गेले. त्यांत कल्पना चावला होत्या.

समर्थकांची बाजू

मानवी मोहिमांचे समर्थन केवळ अभिमानाच्या भाषेत होत असते तर ते खोडणे सोपे होते. पण त्यांच्या बाजूने ठोस दाखले आहेत. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावरून ३८२ किलो दगड-माती आणली. त्याच काळातील सोव्हिएत संघाच्या तीन मानवरहित यानांनी मिळून आणलेली माती सुमारे ३०० ग्रॅम भरली. १९९०मध्ये सोडलेली हबल दुर्बीण सदोष आरशामुळे अंधुक पाहत होती; डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनी प्रत्यक्ष जाऊन ती दुरुस्त केली. अनपेक्षित प्रसंगी काय करायचे हे ठरविण्यात माणसाचा हात आणि नजर यंत्राहून सरस ठरते.

दुसरा मुद्दा पैशाच्या प्रवासाचा. अंतराळासाठीचा पैसा अंतराळात खर्च होत नाही, तो जमिनीवरच होतो. ‘गगनयान’च्या अग्निबाणाच्या घन इंधनाच्या टप्प्याचा पहिला भाग मुंबईतील पवई येथील लार्सन ॲंड टुब्रोच्या कारखान्यातून २०२०मध्ये इस्रोला मिळाला. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये इस्रोची इंजिने बनतात, तर इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे अग्निबाणांची कवचे बनत आली आहेत. जोडारी, यंत्रकाम, धातुशास्त्र यांत तरबेज कामगारांची फळी अशा कामांतून तयार होते.

तिसरा मुद्दा बंदिस्त जागेत जगण्याच्या शास्त्राचा. आंतरराष्ट्रीय स्थानकावर २०२३मध्ये ९८ टक्के पाण्याचा पुनर्वापर साध्य झाल्याचे ‘नासा’ने जाहीर केले. घाम, श्वासातील बाष्प आणि मूत्र यांचे पुन्हा पिण्याचे पाणी होते. शुक्ला यांनी स्थानकावर मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोग केला, स्नायूंच्या झिजेचा अभ्यास केला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या उपचारांत अशा अभ्यासाचा उपयोग होऊ शकतो.

आणि चौथा मुद्दा मुलांचा. आश्रमशाळेतील मुलगी उपग्रहाचे चित्र काढत नाही, ती अंतराळवीराचे काढते, असे म्हटले जाते. हा लाभ मोजता येत नाही, म्हणून तो नाहीच असे म्हणणे अरसिकपणाचे ठरेल.

आक्षेपांची बाजू

या चारही मुद्द्यांना उत्तरे आहेत. चंद्रावरून माती आणण्याचे काम २०२० आणि २०२४मध्ये चीनच्या मानवरहित यानांनी केले. दोन्ही खेपांना पावणेदोन ते दोन किलोच्या दरम्यान माती आली. यंत्रे आता पूर्वीइतकी अडाणी राहिलेली नाहीत. कारखान्यांना काम उपग्रहांमुळेही मिळते, त्यासाठी माणूस पाठविण्याची अट नाही. पाण्याच्या पुनर्वापराचे तंत्र थोर खरे, परंतु अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखाला मूत्र शुद्ध करण्याच्या यंत्रापेक्षा एका टाकीची आणि गळती नसलेल्या जलवाहिनीची गरज अधिक आहे.

मुलांच्या कुतूहलाचा विचार केला तर एक उदाहरण मुरबाडच्या डोंगरापलीकडेच आहे. माळशेज घाट ओलांडून जुन्नर तालुक्यात उतरले की खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण लागते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तेथे आकाशाचा वेध घेतात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘शियापरेली’ यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश या दुर्बिणीने टिपला. जमीन न सोडताही विश्वाचा शोध घेता येतो, याचा हा पुरावा मुरबाडहून एसटीने जाऊन पाहता येण्याजोगा आहे.

तहान अग्निबाणामुळे नाही

आता मूळ प्रश्न. ‘गगनयान’ रद्द केले तर शहापूरला पाणी मिळेल काय?

आकडे तसे सांगत नाहीत. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागासाठी १३ हजार ४१६ कोटींची तरतूद होती. एकूण अर्थसंकल्प साडेपन्नास लाख कोटींहून मोठा होता. म्हणजे सरकारच्या दर शंभर रुपयांतील सुमारे २६ पैसे. ‘गगनयान’ची संपूर्ण रक्कम १४० कोटी लोकांत वाटली तर दरडोई सुमारे १४४ रुपये येतात, आणि तेही अनेक वर्षांत मिळून. २०११च्या जनगणनेनुसार शहापूर-मुरबाडची एकत्रित लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती. त्या हिशेबाने दोन्ही तालुक्यांचा वाटा सात कोटी २० लाखांच्या आसपास होतो. त्यातून काही गावांच्या नळपाणी योजना होतील. दोन तालुक्यांचा प्रश्न सुटणार नाही.

याहून बोलका आकडा जलजीवन मिशनचा आहे. घरोघरी नळ देण्याच्या या योजनेसाठी २०२४-२५च्या अर्थसंकल्पात ७० हजार १६३ कोटींची तरतूद होती. वर्षाअखेरीच्या सुधारित अंदाजात ती २२ हजार ६९४ कोटींवर आली. पाण्यासाठी ठेवलेले आणि पाण्यावर न गेलेले हे ४७ हजार कोटींहून अधिक रुपये ‘गगनयान’च्या संपूर्ण खर्चाच्या सव्वादोन पटींहून जास्त आहेत. तिजोरीतून पैसा निघण्याआधीच अडला, तो कोणत्याही अग्निबाणाने पळविलेला नाही.

शहापूरच्या तहानेचे मूळ तर त्याहून जवळ आहे. १८९२मध्ये बांधलेले तानसा धरण याच तालुक्यात आहे. भातसाही येथेच. वैतरणेवरील मोडकसागर तालुक्याच्या उत्तरेकडील डोंगरात आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवणक्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरच्या आसपास; तीत एकट्या भातसाचा वाटा ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळपास निम्मा. मुरबाडच्या गावांची जमीन पोटात घेणाऱ्या बारवी धरणाचे पाणी उद्योगांना आणि शहरांना जाते. मुरबाडमधीलच काळू धरणाला बुडिताखाली येणाऱ्या गावांनी विरोध केला आणि २०१२मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे काम थांबविले. धरणे उंचावर नव्हे, खोऱ्यात आहेत; गावे आणि पाडे डोंगरावर. पाणी उताराने शहराकडे जाते, चढाने पाड्याकडे नेण्यासाठी पंप, वीज आणि वीजबिल भरणारी ग्रामपंचायत लागते. म्हणूनच इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून, घाटमाथ्यावरून गुरुत्वाकर्षणाने शहापूरच्या गावांना पाणी आणण्याच्या योजनेची मागणी आणि चर्चा वर्षानुवर्षे झाली.

तेव्हा मुंबईच्या वाचकासाठी या वादातला अवघड भाग अंतराळाचा नाही. शहापूरचे पाणी कोण पिते, हा आहे.

मग निकष कोणता?

याचा अर्थ मानवी अंतराळमोहिमांना खर्चाच्या प्रश्नातून सुटका मिळते असा नाही. गरिबीचे कारण त्या नाहीत, एवढेच सिद्ध होते. त्या योग्य आहेत हे सिद्ध होत नाही. ते स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल, आणि उपग्रहांची पुण्याई उसनी न घेता करावे लागेल. २०३५पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४०पर्यंत चंद्रावर भारतीय, ही जाहीर उद्दिष्टे आहेत. ती गाठायची तर आजचे २० हजार कोटी ही केवळ सुरुवात ठरेल. अशा वेळी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. हे काम यंत्राकडून कमी खर्चात होईल काय? मानवी मोहिमांच्या वाढत्या खर्चामुळे हवामान, भूजल, दूरसंवेदन यांच्या उपग्रहांना पैसा किंवा मनुष्यबळ कमी पडते काय? आणि प्रत्येक टप्प्याचा हिशेब संसदेपुढे सविस्तर मांडला जातो काय?

यातील दुसरा प्रश्न शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने कळीचा आहे. ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि ‘नासा’ यांचा संयुक्त ‘निसार’ उपग्रह श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. रडारच्या साहाय्याने ढगांतून आणि रात्रीही जमिनीचे निरीक्षण करण्याची त्याची क्षमता आहे. जमिनीतील ओलावा, दरडप्रवण उतारांची सूक्ष्म हालचाल, जंगलाची घट-वाढ यांचा मागोवा त्यातून घेता येतो. माळशेज आणि कसारा घाटांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. इस्रोचा त्यातील वाटा ७८८ कोटींचा. अशा कामांची साखळी अखंड राहून माणूस अवकाशात जात असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण उरत नाही. ती तुटत असेल तर मात्र साराभाईंनी घातलेली मर्यादा पुन्हा आठवावी लागेल.

अनुसूचित क्षेत्रातील अंगणवाड्यांत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ गरम, चौरस जेवण देण्याची योजना राज्य सरकारने २०१५मध्ये सुरू केली. शहापूरच्या पाड्यांवरही ती लागू आहे. भारताच्या पहिल्या यशस्वी उपग्रह प्रक्षेपकाचे प्रकल्पप्रमुख राहिलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव तिला देण्यात आले आहे. अग्निबाण बनविणाऱ्याच्या नावाने शिजणारे ते जेवण दररोज, वेळेवर आणि पुरेसे मिळते काय, याची मोजणी ४०० किलोमीटर उंचीवरून होऊ शकत नाही. ती पाड्यावर जाऊनच करावी लागते.